ओक ब्रूकमध्ये घर बघताय? आधी गावाची शीव ओळखा

भारतातून नुकतंच शिकागोला आलेलं कोणी फोनवर म्हणालं, ‘दादा, ओक ब्रूकला घर बघतोय’, की अभिनंदन करायच्या आधी मी झिप कोड (इथला पिन कोड) विचारतो. काहींना तो खवचटपणा वाटतो. पण ६०५२३ (ओक ब्रूकचा) आणि ६०१८१ (शेजारचा) या दोन आकड्यांमध्ये अख्खं गाव बदलतं, शाळा बदलते, कराचं बिल बदलतं, आणि एजंट मात्र दोन्ही घरांच्या जाहिरातीत ‘ओक ब्रूक परिसर’ एवढंच लिहून मोकळा होतो.

आमच्या सांगलीकडे गावाची शीव दिसायची. एखादा ओढा, नाहीतर शेंदूर लावलेला दगड. इथे शीव डोळ्यांना दिसत नाही. एकाच रस्त्याच्या डाव्या हाताला एक गाव आणि उजव्या हाताला दुसरं; हिरवळ तीच, ओकची झाडं तीच. ही शीव नकाशावर असते, शाळेच्या बसच्या मार्गात असते, वसाहतीच्या असोसिएशनच्या (घरमालकांच्या संघाच्या) कागदांत असते. मी या भागात वीसहून जास्त वर्षं आहे. आधी शेजारच्या गावात भाड्याने राहिलो, मग इथे आलो. जे मला कोणी सांगितलं नाही आणि खिशाला खार लावून शिकावं लागलं, ते इथे लिहितोय.

त्याआधी ‘व्हिलेज’ या शब्दाचं. इलिनॉयमध्ये व्हिलेज हा नगरपालिकेचाच एक कायदेशीर प्रकार आहे. पार, चावडी, गावठाण असलं काही डोक्यात आणू नका. गावाला निवडून आलेला प्रेसिडेंट असतो, सोबत सहा ट्रस्टी असतात, आणि रोजचा कारभार पगारी मॅनेजर बघतो. २०२० च्या जनगणनेत ओक ब्रूकची लोकसंख्या ८,१६३ भरली. आपल्याकडे एखाद्या मोठ्या टाऊनशिपमध्ये याहून जास्त माणसं असतील. मात्र दिवसा ऑफिसांत आणि मॉलमध्ये याच्या कितीतरी पट गर्दी असते. संध्याकाळी सातनंतर ती ओसरली की बदकांचा आवाज ऐकू येतो.

पहिली पायरी: नाव नीट वाचा

‘ओक ब्रूक’ हे दोन शब्द म्हणजे गाव. ‘ओकब्रूक सेंटर’ हा मॉल. त्याच्या नावात दोन्ही शब्द जोडलेले. आणि ‘ओकब्रूक टेरेस’ हे शेजारचं, पूर्णपणे वेगळं शहर. त्याची स्वतःची सिटी कौन्सिल आहे, स्वतःचे पोलीस आहेत. ३१ मजल्यांचा काचेचा उंच टॉवर, शिकागो शहर सोडलं तर इलिनॉयमधली सर्वांत उंच इमारत, तो टेरेसमध्ये आहे. टॉवर बघून ‘आलो ओक ब्रूकला’ म्हणणारे पाहुणे मी दरवर्षी सुधारतो.

या टेरेसचं मूळ नाव युटोपिया होतं, हे मला फार आवडतं. १९५८ मध्ये त्याच नावाने ते स्थापन झालं आणि वर्षभरात शेजाऱ्याचं नाव लावून मोकळं झालं. स्वर्गापेक्षा शेजारच्या श्रीमंत गावाच्या नावाला भाव जास्त मिळतो, हे त्यांना लवकर कळलं असावं.

रस्त्यांचीही तीच तऱ्हा. बावीसावा रस्ता आणि सरमॅक रोड एकच. एकतिसावा रस्ता आणि ओक ब्रूक रोड एकच. पहिल्या महिन्यात कोणी पत्ता सांगितला तर दोन्ही नावं विचारून घ्या.

झिप कोड ही नुसती पहिली चाळणी. टपालखात्याच्या आणि गावाच्या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. खरी तपासणी पार्सल नंबरवर करायची. हा नंबर म्हणजे इथला गट नंबर समजा आणि ड्यूपेज काउंटीच्या नोंदी म्हणजे सात-बारा. नंबर घातला की ती जमीन कोणत्या गावात, कोणत्या टाऊनशिपमध्ये (काउंटीचा पोटविभाग, आपल्याकडच्या वसाहतीशी गल्लत नको), कोणत्या शाळा-जिल्ह्यात (शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था) येते आणि कोणाकोणाला कर देते, सगळं समोर येतं. गावाचा पूर्वेकडचा छोटा तुकडा कुक काउंटीत जातो, तिथली घरं असतील तर कराचं गणितच निराळं. एजंटला हा नंबर पहिल्याच भेटीत मागा. द्यायला तो खळखळ करत असेल तर एजंट बदला.

दुसरी पायरी: हे गाव कोणी आखलं ते समजून घ्या

हे कशाला, असं वाटेल. पण इथे प्लॉट एवढे मोठे का, गावाचं स्वतःचं गोल्फ मैदान का, बाजारपेठेची एक गल्लीसुद्धा का नाही, या सगळ्यांचं उत्तर एका माणसापाशी येऊन थांबतं.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. सॉल्ट क्रीकच्या काठी पोटावाटोमी लोकांची वस्ती होती. १८३३ च्या शिकागो करारानंतर त्यांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. पाठोपाठ पूर्वेकडून फुलर घराणं आलं, आणि त्यांच्या नावाने फुलर्सबर्ग हे खेडं वसलं. जर्मन शेतकरीही आले. पुढची शंभर वर्षं ही शेतीवाडीची, गाईगुरांची जमीन होती.

मग पॉल बटलर. जन्म १८९२ चा. घराण्याचा कागदाचा मोठा धंदा, शिवाय त्याने स्वतः विमानसेवेचा व्यवसाय उभा केला. पण जीव घोड्यांत. १९२२ मध्ये इथे पोलो क्लब सुरू झाला आणि भरभराटीच्या दिवसांत पोलोची तेरा मैदानं होती, म्हणजे बघा. पोलोच्या जगात ओक ब्रूकचं नाव एवढं मोठं होतं की १९८६ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स इथे खेळून गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोची उपनगरं चहूबाजूंनी पसरू लागली. हिन्सडेल आणि एल्महर्स्ट ही जुनी गावं आपल्या शिवा पुढे सरकवत होती. आपली जमीन दुसऱ्या गावाच्या नियमांखाली जाऊ नये म्हणून बटलर आणि इथल्या रहिवाशांनी १९५८ मध्ये स्वतःचं व्हिलेज स्थापन केलं. गाव वाढलं आणि मग शीव पडली, असं इथे घडलेलं नाही. शीव आधी पडली आणि गाव तिच्या आत नंतर बसवलं.

बसवलं तेही मोठ्या अक्कलहुशारीने. उत्तरेला हायवेच्या कडेने मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं. दक्षिणेला घरं, कितीतरी भागांत एकेक एकराचा प्लॉट. मधे गोल्फ, पोलो आणि पोहण्याचे तलाव. ओकब्रूक सेंटर १९६२ मध्ये उघडलं. आजही तो उघड्या आकाशाखालचा मॉल आहे, जानेवारीत कानटोपी घालून एका दुकानातून दुसऱ्यात जायचं. १९७१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने मुख्यालय इथे आणलं, १९८३ मध्ये त्यांची हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रशिक्षण केंद्र, तीही आली. २०१८ मध्ये कंपनी शिकागो शहरात परत गेली तेव्हा गावात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. आता त्या जुन्या आवारात एस हार्डवेअरचं मुख्यालय आहे. लायन्स क्लबचं जागतिक मुख्यालयही याच गावात. आणि अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, ‘आपी’, तिचंही कार्यालय इथेच. आपल्यापैकी जी पहिली पिढी या गावात आली त्यात डॉक्टर का जास्त, हे त्यावरून कळावं.

१९७७ मध्ये बटलरकडून गावाने मधली सगळी खेळांची जागा विकत घेतली. तीच आजची स्पोर्ट्स कोअर. म्हणून जेमतेम आठ हजार वस्तीच्या गावाकडे गोल्फ कोर्स आणि बाथ अँड टेनिस क्लब आहे. तिच्यावर किती पैसा घालवायचा, यावर गावात कायम दोन तट असतात. नव्या माणसाने पहिल्या वर्षी या वादात पडू नये.

दुसरा मोठा गोल्फ क्लब, बटलर नॅशनल, हा खासगी. १९७४ पासून तिथे वेस्टर्न ओपन ही गोल्फ स्पर्धा व्हायची. १९७५ च्या स्पर्धेत ली ट्रेव्हिनो आणि आणखी दोन खेळाडूंना विजेचा झटका बसला होता. जुने रहिवासी ती गोष्ट अजून काल घडल्यासारखी सांगतात. क्लब तेव्हा फक्त पुरुषांचा होता. १९९० मध्ये पीजीए टूरने (व्यावसायिक गोल्फ स्पर्धा चालवणारी संस्था) सभासदत्व सर्वांना खुलं असण्याची अट घातली, क्लबने नियम बदलला नाही, आणि त्या वर्षानंतर स्पर्धा दुसरीकडे गेली. ही गोष्ट बाकीचे हळू आवाजात सांगतात. दोन्ही ऐकल्याशिवाय हे गाव समजत नाही.

बटलर १९८१ मध्ये गेला. वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, घराजवळच्या रस्त्यावर मोटारीची धडक बसून. गाव मोटारींसाठी आखलं गेलं होतं. पायी चालणाऱ्यांसाठीच्या वाटा आता बऱ्याच ठिकाणी दिसतात, पण पहिल्या आखणीत पादचारी कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

तिसरी पायरी: घराआधी गिरणी बघा

हा माझा हट्ट आहे. यॉर्क रोडवर सॉल्ट क्रीकच्या काठी ग्राऊ मिल नावाची पाणचक्की आहे. हॅनोव्हरकडून आलेल्या फ्रेडरिक ग्राऊने १८५२ मध्ये ती सुरू केली. विटांची तीन मजली इमारत, आत पांढऱ्या ओकच्या जाड तुळया. दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना ग्राऊ तळघरात आसरा देत असे. आता त्याच तळघरात त्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. उन्हाळ्यात जा, पायऱ्या उतरा. बाहेर पस्तीस-चाळीस लाखांच्या मोटारी उभ्या असतात आणि आत कमी उंचीच्या छताखाली दगडी भिंतीचा गारवा.

माझी आई इथे आली तेव्हा तिला मॉल दाखवला, तळी दाखवली. तिने ‘छान आहे’ म्हणून हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गिरणीत मात्र तिचा चेहरा उजळला. फ्रान्सहून आणलेले जड दगड, वरचा फिरता, खालचा स्थिर, आणि मधून मक्याचं पीठ पडत होतं. एका कोपऱ्यात एक सुटा दगड उताणा ठेवलेला होता, त्यावर मधोमधपासून कडेपर्यंत तिरप्या खाचा. आईने त्या खाचांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, ‘विचार त्यांना, टाकी कितीदा लावतात?’

मी विचारलं. दळण दाखवणारे आजोबा स्वयंसेवक होते. त्यांनी चटकन हातमोजा काढला आणि छिन्नी कशी धरायची ते हवेत करून दाखवलं. आईने मान हलवली आणि तिची पद्धत दाखवली. त्यांना मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी. पुढची दहा मिनिटं मला दोघांनीही काही विचारलं नाही. निघताना आईने चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं. ‘भरड आहे, पण कण्या नाहीत,’ असा निकाल दिला आणि एक पिशवी विकत घेतली.

तिथला बंधारा आता नाही. मासे आणि पाण्यातला प्राणवायू परत यावा म्हणून ड्यूपेजच्या वनखात्याने तो काढायचं ठरवलं, २०२३ च्या शेवटाकडे काम सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं गावात पाट्या लागल्या होत्या, सभा गाजल्या होत्या. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी हेच ज्यांच्या लेखी गाव होतं त्यांना ते फार लागलं. मी स्वतः बंधारा काढण्याच्या बाजूने होतो, पण पहिल्यांदा ती रिकामी जागा बघितली तेव्हा मलाही चुकल्यासारखं झालं.

चौथी पायरी: शाळेची शीव वेगळी

आपली माणसं जिथे सर्वांत जास्त फसतात ती जागा ही. गाव एक, पण शाळा-जिल्हे अनेक. गावाची हद्द आणि शाळेची हद्द या दोन स्वतंत्र रेषा आहेत आणि त्या एकमेकींना कापतात.

गावाचा मधला मोठा भाग बटलर डिस्ट्रिक्ट ५३ मध्ये. हा इवलासा जिल्हा: ब्रूक फॉरेस्ट ही प्राथमिक शाळा आणि बटलर ज्युनियर हाय, बस. तिथून मुलं हिन्सडेल सेंट्रल हायस्कूलला जातात, ते हायस्कूल डिस्ट्रिक्ट ८६ चं. म्हणजे आठवीपर्यंत एक जिल्हा, पुढे दुसरा. दोघांची मंडळं वेगळी, कर वेगळे. उत्तरेकडची काही घरं सॉल्ट क्रीक डिस्ट्रिक्ट ४८ मध्ये आणि पुढे विलोब्रूक हायस्कूलला. काही घरं एल्महर्स्टच्या जिल्ह्यात, तिथली मुलं यॉर्क हायस्कूलला. या सगळ्या शाळा चांगल्या आहेत, पण ‘ओक ब्रूकला घर म्हणजे हिन्सडेल सेंट्रल’ हे समीकरण डोक्यात ठेवून सही केलीत तर नंतर घरात अबोला होईल. एका ओळखीच्या जोडप्याचा झाला. त्यांना घर दाखवणाऱ्याने ‘शाळा उत्तम’ एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

काय करायचं: घर आवडलं की त्याच दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसला फोन करून पत्ता सांगा आणि शाळेचं नाव विचारा. घरांच्या वेबसाइटवरच्या शाळेच्या नावावर भिस्त ठेवू नका. जमलं तर उत्तर ईमेलवर घ्या.

आणखी एक, जरा नाजूक. गावात चौथाईहून जास्त लोक आशियाई मुळांचे आहेत, त्यात भारतीय भरपूर. शाळेत तुमचं मूल एकटं पडणार नाही. पण सातवीतल्या मुलाला तीन-तीन शिकवण्या लावणारे आईबाप आजूबाजूला दिसतील आणि आपणही घाबरून चौथी लावाल. सबुरीने घ्या.

पाचवी पायरी: कराचं बिल वाचायला शिका

‘ओक ब्रूकमध्ये प्रॉपर्टी टॅक्स नाही’ असं कोणी सांगेल. अर्धं खरं. व्हिलेज स्वतः घरपट्टी न घेता चालत आलं आहे, कारण मॉल. इलिनॉयमध्ये विक्रीकराच्या ६.२५ टक्क्यांपैकी एक टक्का विक्री जिथे झाली त्या गावाला मिळतो. ओकब्रूक सेंटरमध्ये कोणी हजार डॉलरचा कोट घेतला की दहा डॉलर गावाच्या तिजोरीत. बटलरच्या आखणीचं व्याज गाव अजून खातंय.

पण बिल फक्त गावाचं नसतं. बाकी शाळा-जिल्हे, पार्क डिस्ट्रिक्ट, काउंटी, टाऊनशिप, कम्युनिटी कॉलेज. सर्वांत मोठा वाटा शाळांचा. बिल येतंच, आणि घराच्या किमतीच्या मानाने चांगलं जाड येतं.

ते वाचायचं कसं? ड्यूपेजमध्ये घराच्या बाजारभावाचा एक तृतीयांश हा करासाठीचा मूल्यांक धरतात. त्यातून सवलती वजा होतात, मग प्रत्येक संस्थेचा दर लागतो. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल तर होमस्टेड सवलत मिळते. ती आपोआप मिळाली असेल असं धरून चालू नका, टाऊनशिपच्या असेसर (मूल्यांक ठरवणाऱ्या) ऑफिसात विचारून खात्री करा. मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

कर एक वर्ष मागून येतो. यंदा भरता ते गेल्या वर्षाचं, दोन हप्त्यांत, साधारण १ जून आणि १ सप्टेंबर. त्यामुळे घर घेताना जुन्या मालकाने त्याच्या काळातला कर तुम्हाला वळता करून द्यायचा असतो; क्लोजिंगच्या (घराचा व्यवहार पूर्ण होतानाच्या) कागदांत हा आकडा वकिलाकडून समजून घ्या. मूल्यांक फुगलेला वाटला तर दाद मागता येते, पण मुदत छोटी, टाऊनशिपची यादी प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस. शेजारच्या सारख्या तीन-चार घरांचे आकडे काढून न्या. ‘फार आहे हो’ एवढं म्हणून कोणी कमी करत नाही.

सहावी पायरी: तळघरात उतरा

घर बघायला गेलात की स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटवर हात फिरवायच्या आधी तळघरात जा. वास घ्या. भिंतीच्या तळाशी पांढरट रेघ आहे का ते बघा. सॉल्ट क्रीक दिसायला ओढा आहे, पण ऑगस्ट १९८७ मध्ये ओहेअर विमानतळावर चोवीस तासांत ९.३५ इंच पाऊस पडला तेव्हा त्याने काठच्या कितीतरी गावांना बुडवलं. त्यानंतर एल्महर्स्टच्या जुन्या दगडखाणीत पुराचं पाणी वळवायची सोय केली गेली. तरीही पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय ऑफर देऊ नका. पूररेषेत घर असेल तर बँक विमा काढायलाच लावेल.

संप पंप म्हणजे तळघरातल्या खड्ड्यात साठणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. तो असतोच. प्रश्न असा विचारा: वीज गेली तर? आमच्या पहिल्या पावसाळी रात्री वीज गेली. बॅटरीवरचा दुसरा पंप ‘हल्लीच बसवलाय’ असं घर विकणाऱ्याने सांगितलं होतं. पंप होता, बॅटरी मेलेली होती. सकाळी पायरीवर उभा राहून बघतो तर आजोबांची पेटी पाण्यात तिरपी तरंगत होती, भाता फुगून. अजूनही काळी चार धरली की ती सुस्कारा टाकते.

पिण्याचं पाणी मात्र उत्तम. १९९२ पासून ड्यूपेजला मिशिगन सरोवराचं पाणी मिळतं.

सातवी पायरी: असोसिएशनचे कागद, रात्र जागून

गावाचे नियम एक, आणि तुमच्या वसाहतीचे दुसरे. ब्रूक फॉरेस्ट, जिंजर क्रीक, यॉर्क वूड्स, मिडवेस्ट क्लब ही वसाहतींची नावं आठवड्याभरात पाठ होतील. काहींना फाटक आणि पहारेकरी, काहींचे रस्ते खासगी. खासगी रस्ता म्हणजे बर्फ काढण्यापासून डांबरापर्यंतचा खर्च तुमच्या वर्गणीतून. म्हणून वर्गणी किती, एवढंच विचारून थांबू नका. गंगाजळीत किती आहे आणि येत्या काही वर्षांत मोठं काम काय निघणार आहे, हे विचारा. तळ्याचा गाळ काढायचा असेल तर तो आकडा ऐकून घाम फुटतो.

नियम बारीक असतात. छपराचा रंग, कुंपणाची उंची, कचऱ्याचा डबा कधी बाहेर. आम्ही पहिल्या वर्षी आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेनंतरही ठेवला तर नम्र पत्र आलं, ‘मोसमी सजावट’ उतरवावी म्हणून. शेजारच्या बर्फाच्या बाहुल्याला मार्चपर्यंत काही आलं नाही. मी भांडलो नाही. पुढच्या वर्षी असोसिएशनच्या सभेला गेलो, आणि तारखा ठरवताना दिवाळीची तारीख दरवर्षी बदलते हे समजावून सांगितलं. ती ओळ आता नियमांत आहे. सभेला आठ माणसं होती. अशा ठिकाणी एका माणसाचं वजन बरंच पडतं.

आठवी पायरी: चाकं

गावात मेट्राचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशन नाही. शिकागोला लोकलने जायचं तर हिन्सडेल किंवा एल्महर्स्ट गाठा. बाकी आय-८८, आय-२९४ आणि रूट ८३, तिन्ही हाताशी. आय-पास (टोलसाठीचा इथला फास्टॅग) पहिल्याच आठवड्यात घ्या. दुसऱ्या राज्यातून आला असाल तर इलिनॉयचं लायसन्स ९० दिवसांच्या आत. बर्फ काढणाऱ्याशी मोसमाचा करार ऑक्टोबरमध्येच करा. पहिला बर्फ पडल्यावर कोणी फोन उचलत नाही.

नववी पायरी: गावात मिसळा

घरं मोठी, अंतरं मोठी. कोपऱ्यावर चहाची टपरी नाही, की जिना उतरताना कोणी भेटत नाही. इथे ओळख ठरवून करावी लागते. लायब्ररीचं कार्ड काढा, रहिवाशांना फुकट आहे. फुलर्सबर्ग वूड्सच्या वाटेवर रविवारी सकाळी चालायला जा, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि चौथ्या खेपेला नाव सांगतात. व्हिलेज बोर्डाच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ मिळतो. गावाच्या निवडणुका विषम वर्षी एप्रिलमध्ये असतात. नागरिक असाल तर मत द्या, कारण मतदान इतकं थोडं होतं की चार वसाहतींचा कल निकाल फिरवतो.

ओकची जुनी झाडं असल्यामुळे सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा किडे इथे अमाप निघतात. २०२४ मध्ये निघाले. महिनाभर अंगणात बोलणं ऐकू यायचं नाही, आणि आमचा कुत्रा ते खाऊन आजारी पडला. पुढची खेप २०४१ ची, तेव्हा घाई नाही.

आपली माणसं हवीत तर शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये शिकागोतच स्थापन झालं. गणेशोत्सव, दिवाळी, नाटक, मुलांची मराठी शाळा, सगळं आहे, फक्त प्रत्येक गोष्टीला अर्धा-पाऊण तास गाडी. लेमाँटचं मंदिर तेवढ्यावरच, तिथे विवेकानंदांचा पुतळा आहे. ऑरोराचं बालाजी मंदिरही तेवढंच. किराण्याला नेपरव्हिलकडे गेलात तरी चालतं, पण वर्षातून एकदा शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूला जाच. गाडी लावायला जागा मिळणार नाही, आणि तेवढ्यावरूनच आपल्या गावी गेल्यासारखं वाटेल.

घरी गणपती बसवणार असाल तर दोन गोष्टी. वसाहतीतलं तळं कितीही जवळ असलं तरी विसर्जन त्यात नको, सॉल्ट क्रीकमध्ये तर नकोच. शाडूची लहान मूर्ती आणा, अंगणात बादलीत विसर्जन करा, माती झाडाला घाला. आणि आरतीला वीस गाड्या येणार असतील तर रस्त्यावर गाड्या लावायचे नियम असोसिएशनला आधी विचारा, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना दोन दिवस आधी मोदक नेऊन द्या. आमच्या उजव्या हाताच्या आजीबाई आता ऑगस्ट लागला की विचारतात, यंदा ते पांढरे, वाफवलेले कोणत्या तारखेला?